कमांडला नीट नाव द्या, नाहीतर लोक नावं ठेवतील

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये रात्रीचे जॉब (आपोआप चालणारी कामं) चालवायला एक घरगुती टूल होतं, त्याची स्वतःची छोटीशी भाषा होती, पन्नासेक कमांड, आणि त्या तीन जणांनी आपापल्या सवयीने लिहिलेल्या. त्यात रीसेट-काउंटर होती, ती काउंटर शून्यावर आणायची, बाकी कशाला हात लावायची नाही. एका रात्री एक जॉब अडकला, डोळ्यावर झोप, मी रीसेट-जॉब मारली, म्हटलं याचाही काउंटर शून्य होईल आणि गाडी पुढे सरकेल. तर त्या रीसेटचा अर्थ निघाला "जॉबच्या सगळ्या सेटिंग्ज पुसून कोरा जॉब ठेव". लिहिणाऱ्याच्या डोक्यात फॅक्टरी रीसेट होतं, माझ्या डोक्यात स्टॉपवॉचचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, सेटिंग्ज मात्र गेल्या त्या गेल्याच, पहाटेपर्यंत जुने मेल उकरून परत भरत बसलो.

त्याच टूलमध्ये डिलीट-यूजर, रिमूव्ह-रोल, जॉब-ड्रॉप आणि पर्ज-लॉग्ज अशा चौघी होत्या, काम एकच, काढून टाकणं. याचा वैताग रोज यायचा पण नुकसान कधी झालं नाही, कारण चुकीचं क्रियापद टाकलं तर "अशी कमांड नाही" एवढंच यायचं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: एका कामाला चार शब्द असले तर वेळ जातो, एका शब्दाची दोन कामं असली तर डेटा जातो, म्हणून दुसरा रोग आधी बघायचा. खालच्या पायऱ्या त्या टूलची साफसफाई ज्या क्रमाने केली (खरं तर करायला हवी होती) त्या क्रमाने आहेत. तुम्ही कमांड लाइन टूल लिहीत असाल, स्क्रिप्टिंग भाषा किंवा लायब्ररीची फंक्शन्स, फार फरक पडत नाही.

पायरी १: आधी यादी, कोडला हात नंतर

एक स्प्रेडशीट उघडा आणि सगळ्या कमांड त्यात ओता. नावाचे तुकडे करून क्रियापद एका कॉलममध्ये, नाम दुसऱ्यात. तिसऱ्यात ती कमांड खरोखर काय करते ते एका वाक्यात, आणि हे वाक्य हेल्प टेक्स्टमधून कॉपी करू नका, कोड वाचून लिहा, हेल्प टेक्स्ट बऱ्याचदा जुनं असतं. चौथ्यात फक्त हो किंवा नाही: काही बदलतं का? पाचव्यात: पूर्ववत करता येतं का?

आता क्रियापदाच्या कॉलमवर सॉर्ट मारा. एकाच क्रियापदासमोर तिसऱ्या कॉलममधली वाक्यं वेगवेगळ्या जातीची दिसली, तर ती ओळ लाल. आमच्याकडे रीसेट, अपडेट आणि चेक असे तीन लाल निघाले. चेक तर कहर होता, चेक-फाइल फाइल आहे का ते बघायची आणि चेक-डिस्क बघता बघता दुरुस्तीही करून टाकायची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मग तिसऱ्या कॉलमवर सॉर्ट मारा, म्हणजे सारखं काम करणारी पण वेगळ्या नावाची मंडळी शेजारी येऊन बसतील. ती पिवळी. या कामाला अर्धा दिवस लागतो, कंटाळा येतो, पण हे न करता थेट नियम लिहायला बसलात तर नियम हवेत राहतात.

पायरी २: आधी क्रियापद की आधी नाम

दोन्ही पद्धती चालतात, मिसळ मात्र चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या कमांड लाइन भाषेने क्रियापद-नाम घेतलं, गेट-प्रोसेस, स्टॉप-सर्व्हिस वगैरे. कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं क्यूबसीटीएलही तसंच, गेट पॉड्स, डिलीट पॉड. डॉकरची (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं टूल) गोष्ट बघण्यासारखी आहे, सुरुवातीला सगळं सपाट होतं, पीएस म्हणजे कंटेनर दाखव, आरएम म्हणजे कंटेनर काढ, आरएमआय म्हणजे इमेज (कंटेनरचा साचा) काढ, मग कमांड वाढत गेल्या आणि गर्दी झाली, तेव्हा जानेवारी २०१७ च्या १.१३ आवृत्तीत त्यांनी नाम पुढे आणलं, डॉकर कंटेनर एलएस, डॉकर इमेज एलएस, अशी घरं पाडली. जुन्या कमांड तशाच चालू ठेवल्या, म्हणून आजही अर्धे लोक पीएसच मारतात.

निवड कशी करायची? टॅब दाबल्यावर काय दिसावं याचा विचार करा. वापरणारा बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा वस्तू असते, "हा कंटेनर आहे, याचं काय करता येईल?" अशा ठिकाणी नाम आधी असलं की टॅबवर त्या वस्तूचं सगळं एकत्र येतं. वस्तू थोड्या, क्रिया ठरलेल्या आणि सगळ्या वस्तूंना त्याच क्रिया लागू असतील तर क्रियापद आधी ठेवलेलं वाचायला सोपं जातं. माझा अंदाजपंचे नियम असा की नामं दहाच्या वर गेली की नाम आधी. आमच्या जॉब-ड्रॉपवाल्या मित्राने नेमका हाच विचार केला होता, पण एकट्याने.

पायरी ३: क्रियापदांची यादी, खरा जीव इथे आहे

या पायरीवर बाकी सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ घाला.

पॉवरशेलकडून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तिथे मान्य क्रियापदांची अधिकृत यादी आहे, शंभरच्या आसपास, गेट-व्हर्ब मारलं की समोर येते, गटवार लावलेली. त्यात रिमूव्ह आहे, डिलीट नाही. का नाही म्हणून भांडण नको, एक निवडलं आणि संपलं. तुम्ही मॉड्यूलमध्ये यादीबाहेरचं क्रियापद वापरलंत तर कमांड चालते, पण मॉड्यूल लोड होताना पिवळी वॉर्निंग येते. आणि नुसती यादी नाही, प्रत्येक शब्दाचा अर्थ बांधलेला आहे: स्टार्ट म्हणजे काम सुरू करून दे आणि सहसा वाट बघू नकोस, इनव्होक म्हणजे काम कर आणि सहसा ते होईपर्यंत थांब. रोजच्या बोलण्यात दोन्ही सारखेच वाटतात, यादीत मात्र दोघांमध्ये भिंत आहे.

याच्या उलट गिट बघा, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, ब्रँच, टॅग, रिमोट, स्टॅश, वर्कट्री या त्यातल्या वस्तू. ब्रँच काढायची तर ब्रँच कमांडला छोटा डी फ्लॅग (कमांडसोबत द्यायचा पर्याय), टॅगलाही तोच, पण रिमोट काढायचा तर रिमूव्ह, स्टॅश काढायचा तर ड्रॉप, वर्कट्री काढायची तर परत रिमूव्ह. हे मी रोज वापरतो आणि रोज नाही तरी आठवड्यातून एकदा चुकतो. गिटचं चेकआउट तर आमच्या रीसेटचं थोरलं भावंड, ब्रँच बदलायलाही तेच आणि फाइलमधले न साठवलेले बदल फेकून द्यायलाही तेच, एक काम निरुपद्रवी आणि दुसऱ्यात दिवसभराची मेहनत जाऊ शकते. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर अशा दोन वेगळ्या कमांड आल्या.

आणि एक जुना किस्सा, युनिक्सवाल्यांना माहीत असेल. लिनक्सवर किलऑल म्हणजे अमुक नावाचे सगळे प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मार. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर किलऑल म्हणजे सगळे प्रोसेस मार. सगळे म्हणजे सगळे, मशीन बंद करताना वापरायची कमांड ती. लिनक्सच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानात) याची सूचना दिलेली आहे, यावरून काय ते समजा.

तर आपली यादी कशी करायची. दहा ते पंधरा क्रियापदं बस झाली. प्रत्येकासमोर एक ओळ अर्थ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक ओळ "हे नाही". आमच्या यादीतला तुकडा असा होता:

क्रिएट: आधी नसलेली वस्तू तयार करतं. आधीच असेल तर एरर देतं, गुपचूप ओव्हरराइट करत नाही.
ॲड: आधी असलेली वस्तू दुसऱ्या वस्तूत घालतं, उदाहरणार्थ यूजर ग्रुपमध्ये. नवीन काही जन्माला घालत नाही.
रिमूव्ह: ॲडच्या उलट. ग्रुपमधून यूजर काढतं, यूजर स्वतः जिवंत राहतो.
डिलीट: क्रिएटच्या उलट. वस्तूच जाते.
क्लिअर: वस्तू राहते, आतला माल जातो.
सेट: दिलेली किंमत लिहितं. आधी काय होतं याच्याशी देणंघेणं नाही.
टेस्ट: बघतं आणि हो किंवा नाही सांगतं. काहीही, अगदी काहीही बदलत नाही.

बघा, आम्ही डिलीट आणि रिमूव्ह दोन्ही ठेवले, पॉवरशेलने एकच ठेवला. दोन्ही बरोबर आहे, कारण आमच्याकडे दोघांना वेगळी कामं होती. आणि रीसेट? यादीतून हाकललं. काउंटरसाठी क्लिअर, सेटिंग्जसाठी रिस्टोअर-डिफॉल्ट. अपडेट पण गेलं, त्याच्या जागी जिथे किंमत बदलते तिथे सेट.

क्रियापदं जोडीने निवडा. स्टार्टला स्टॉप, इम्पोर्टला एक्सपोर्ट, लॉकला अनलॉक, एनेबलला डिसेबल. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेने हे छान सांभाळलंय, टेबलच्या सांगाड्यासाठी क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप आणि आतल्या ओळींसाठी इन्सर्ट, अपडेट, डिलीट, सहा शब्द, दोन मजले, एका मजल्यावरचा शब्द दुसऱ्यावर येत नाही. ड्रॉप दिसलं की माणूस सावध होतोच. जोडीतला एखादा मेंबर सापडत नसेल, म्हणजे स्टार्ट आहे पण स्टॉप नाही, तर नावाचा प्रॉब्लेम नसून कमांडच लिहायची राहून गेली असण्याची शक्यता जास्त, आम्हाला अशा दोन सापडल्या.

पायरी ४: नामं

ही पटकन होते. एकवचन वापरा, एक वस्तू आली काय आणि शंभर आल्या काय, गेट-प्रोसेसच, नाहीतर लोकांना दरवेळी शेवटी एस आहे की नाही हे आठवत बसावं लागतं. एका वस्तूला एकच नाव: यूजर, अकाउंट, मेंबर यातलं एक घ्या. डेटा, इन्फो, मॅनेजर, आयटम अशी पोकळ नामं लावू नका, यूजर-इन्फो आणि यूजर-डेटा यात फरक काय ते लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी सांगता येत नाही.

आद्याक्षरांचा नियम आत्ताच ठरवा. ब्राउझरमधलं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट हे नाव लिहिताना एक्सएमएल पूर्ण कॅपिटल आणि लगेच शेजारचं एचटीटीपी मात्र फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, एकाच शब्दात दोन कायदे. गो भाषेत अशी आद्याक्षरं पूर्ण कॅपिटल किंवा पूर्ण स्मॉल ठेवायची पद्धत आहे. कोणतीही पद्धत घ्या, पण लिहून ठेवा.

पायरी ५: कॅपिटल, अंडरस्कोर, हायफन

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि माझ्या मते याला सगळ्यात कमी किंमत आहे. कमांड लाइनसाठी सगळं स्मॉल आणि मध्ये हायफन, शिफ्ट दाबायला नको. भाषेसाठी तिथे आधी जे चालतं ते, पायथॉनमध्ये २००१ च्या पेप ८ (कोड कसा लिहावा याचे अधिकृत नियम) प्रमाणे स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर. तरी पायथॉनच्याच लॉगिंग मॉड्यूलमध्ये गेटलॉगर आणि युनिटटेस्टमध्ये असर्टइक्वल ही नावं मध्येच कॅपिटल अक्षर घेऊन बसलेली आहेत. स्वतःची भाषा बनवत असाल तर एक लक्षात घ्या, हायफन नावात चालू दिलात तर वजाबाकीच्या चिन्हाशी टक्कर होते, लिस्प भाषेला ते परवडतं कारण तिथे चिन्ह आधी येतं आणि मध्ये स्पेस सक्तीची.

पायरी ६: आर्ग्युमेंटचा क्रम आणि फ्लॅग हेही नावच आहे

आर्ग्युमेंट म्हणजे कमांडला सोबत दिलेली माहिती, तिचा क्रम बरेच जण विसरतात. वेबसाइटसाठीच्या पीएचपी भाषेत एसटीआरपॉसला आधी गंजी द्यायची मग सुई, म्हणजे आधी कशात शोधायचं आणि मग काय शोधायचं, आणि इन_ॲरेला आधी सुई मग गंजी. शिवाय एसटीआरपॉस जोडून आणि एसटीआर_रिप्लेस अंडरस्कोरने. पीएचपीच्या नावांची लांबी अशी विचित्र का याचं एक कारण खुद्द पीएचपीचे जनक रासमुस लेरडॉर्फ यांनीच २०१३ मध्ये सांगितलं होतं, अगदी सुरुवातीला फंक्शन शोधायचं हॅश (नावावरून काढलेला आकडा) म्हणजे नावाची लांबी होती, एकाच आकड्यावर गर्दी होऊ नये म्हणून वेगवेगळ्या लांबीची नावं निवडली जायची! वीसेक वर्षांनंतरही लोक ते टाइप करत होते. २०२० च्या पीएचपी ८.० मध्ये एसटीआर_कंटेन्स, एसटीआर_स्टार्ट्स_विथ अशी शिस्तीतली नावं आली आणि नावाने आर्ग्युमेंट द्यायची सोयही आली.

आपल्यासाठी नियम: ज्या वस्तूवर काम होणार ती पहिली, नेहमी. तीनपेक्षा जास्त आर्ग्युमेंट असतील तर नावाने मागा.

फ्लॅगचंही तसंच. दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला पोर्ट द्यायचा तर छोटा पी, तिथे फाइल पाठवणाऱ्या एससीपीला कॅपिटल पी, कारण एससीपीमध्ये छोटा पी फाइलच्या वेळा जपायला आधीच अडकवलेला. छोटा व्ही कर्लमध्ये सविस्तर आउटपुट देतो, नोडमध्ये आवृत्ती सांगतो आणि ग्रेपमध्ये न जुळणाऱ्या ओळी काढतो. एका अक्षराचे फ्लॅग सहा-सातच ठेवा, सगळ्या कमांडमध्ये एकाच अर्थाने, आणि बाकीच्यांना पूर्ण शब्द. हेल्प आणि व्हर्जन हे दोन लांब फ्लॅग ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमांत सगळ्या प्रोग्रॅमना सांगितलेले आहेत, ते प्रत्येक कमांडला द्याच.

पायरी ७: धोका नावात दिसला पाहिजे

जावास्क्रिप्टमध्ये स्लाइस आणि स्प्लाइस, रोमन लिपीत एका अक्षराचा फरक, एक ॲरेला (यादीला) हात लावत नाही आणि दुसरा कापून ठेवतो. पायथॉनने हे बरं केलं, सॉर्ट जागच्या जागी बदलतो आणि सॉर्टेड नवीन यादी देतो, व्याकरणच वेगळं. रुबीमध्ये शेवटी प्रश्नचिन्ह म्हणजे हो-नाही उत्तर आणि उद्गारचिन्ह म्हणजे दोन जुळ्यांमधला जास्त धोकादायक, ही सवय स्कीम भाषेकडून आलेली. फक्त उद्गारचिन्ह नाही म्हणजे बदल होत नाही असं धरून चालू नका, तिथे ॲरेचं साधं डिलीट विनाचिन्हाचं बदल करतं. रस्ट भाषेची पद्धत मला सगळ्यात आवडते: ॲज_ ने सुरू होणारं रूपांतर जवळपास फुकट, टू_ ने सुरू होणारं महाग, इंटू_ ने सुरू होणारं मूळ वस्तू गिळून टाकणारं. डॉक्युमेंटेशन न उघडता किंमत कळते.

आम्ही इतकं बारीक केलं नाही. पाचव्या कॉलममध्ये "पूर्ववत होत नाही" असलेल्या सगळ्या कमांडचं क्रियापद डिलीट किंवा क्लिअर, तिसरं फक्त ते रिस्टोअर-डिफॉल्ट, आणि त्या सगळ्यांना ड्राय-रन फ्लॅग (काही न बदलता काय होईल ते फक्त दाखवणारा) सक्तीचा. एवढ्यावर भागलं.

पायरी ८: शॉर्टकट वेगळे ठेवा

युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या क्रिएट नावाच्या सिस्टिम कॉलमधून शेवटचा ई गाळलेला आहे, पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल असं विचारल्यावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन म्हणाले होते की तो ई लावेन. जोडलेली डिस्क काढायच्या यूमाउंटमधला एन गेलाय त्यामुळे माउंट-अनमाउंट ही जोडीच मोडली. अधिकृत नाव पूर्ण ठेवा, बोटांना छोटं हवं असेल तर टोपणनाव द्या, पण ते फक्त हाताने टाइप करण्यासाठी. स्क्रिप्टमध्ये पूर्ण नाव. पॉवरशेलचा स्क्रिप्ट तपासणारा ॲनालायझर टोपणनाव दिसलं की टोकतो, तसा नियम आपल्याकडेही लावता येतो.

पायरी ९: अंदाजाची परीक्षा, मग मशीनचा पहारा

टूल कधीही न पाहिलेला माणूस पकडा. त्याला आठ कमांड दाखवा आणि विचारा, "ग्रुपमधून यूजर काढायला काय टाइप करशील?" मदत करू नका, मान डोलावू नका. त्याने जे टाइप केलं ते लिहून घ्या. दोघातिघांनी एकच चुकीचं नाव टाइप केलं तर नाव तुमचं चुकलंय, त्यांचं नाही. आमच्याकडे तिघांनी लिस्ट-जॉब टाइप केलं आणि आमचं होतं गेट-जॉब. निमूटपणे बदललं.

मग नियम मशीनच्या हाती द्या, माणसाच्या आठवणीवर सोडलात तर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी फेच-जॉब घेऊन येतंच. क्रियापदांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, बिल्डमध्ये (कोडचा प्रोग्रॅम बनताना) वीस ओळींची स्क्रिप्ट, कमांडच्या नावातलं क्रियापद यादीत नसेल तर बिल्ड फेल. नवीन क्रियापद हवं असेल तर त्या फाइलमध्ये ओळ टाका, अर्थ लिहा, रिव्ह्यू घ्या. हा एवढासा अडथळा पुरतो, कारण दहापैकी नऊ वेळा यादी वाचताना माणसाला असलेलाच शब्द सापडतो.

पायरी १०: जुन्या नावांचं काय

एकदम उडवू नका. पायथॉनमध्ये थ्रेडिंगच्या करंटथ्रेडला अंडरस्कोरवालं नाव २.६ मध्ये म्हणजे २००८ ला आलं आणि जुनं नाव अधिकृतपणे नकोसं ठरलं ३.१० मध्ये, २०२१ ला. काही नावं तर जातच नाहीत, वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलमधल्या रेफरर हेडरमध्ये (वाचणारा कोणत्या पानावरून आला ते सांगणारी ओळ) एक आर कमी आहे, एचटीटीपीचं वर्णन करणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात तसंच छापलं गेलं आणि आजही तसंच आहे, नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर, म्हणजे एकाच प्रोटोकॉलमध्ये दोन्ही.

पिवळ्या ओळींसाठी, म्हणजे एका कामाची अनेक नावं, जुनं नाव नव्याकडे वळवा आणि वापरलं की वॉर्निंग द्या, वॉर्निंगमध्ये नवीन कमांड पूर्ण लिहा, कॉपी करता येईल अशी. वॉर्निंग एरर स्ट्रीमवर (चुकांच्या मेसेजची वेगळी वाट) पाठवा, नाहीतर आउटपुट वाचणाऱ्या लोकांच्या स्क्रिप्ट मोडतील. कुठून किती वेळा वापरलं जातंय ते लॉगमध्ये मोजा आणि तो आकडा शून्य झाल्यावरच नाव काढा.

लाल ओळींना हे करू नका. ज्या शब्दाचे दोन अर्थ होते त्याला वळवणार कुठे? ज्या अर्थाकडे वळवाल त्याच्या उलटा विचार करणारा कोणीतरी असणारच. त्या सरळ बंद करा, कमांड काहीच करणार नाही, फक्त मेसेज. आमच्या रीसेट-जॉबला आता हे उत्तर येतं:

रीसेट-जॉब बंद केली आहे. काहीही बदललेलं नाही.
फक्त काउंटर शून्य करायचा असेल तर: क्लिअर-काउंटर
सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीत न्यायच्या असतील तर: रिस्टोअर-डिफॉल्ट (आधी ड्राय-रन करून बघा)

यातली "काहीही बदललेलं नाही" ही तीन शब्दांची ओळ मी हट्टाने घालून घेतली. जॉब-ड्रॉप मात्र अजून लॉगमध्ये येते, आठवड्याला एकदा, रविवारी पहाटे, कोणाची तरी विसरलेली स्क्रिप्ट आहे, अजून सापडलेली नाही, तोवर ते जुनं नाव तसंच चालू आहे.